झोडणीचा दगड

भात कापायला येऊन आठ दिवस झाले होते आणि कौसाबाईच्या घरात कापायला माणसं तीन होती. त्यातली लेक प्रीती अंबरनाथला कंपनीत पॅकिंगला जायची, ती सुट्टीपुरती. नवऱ्याचा, शिवरामचा, उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नव्हता. राहिली ती एकटी कौसाबाई. तिला सकाळी उठल्यावर गुडघे सरळ करायलाच चहा होईस्तोवर वेळ लागायचा.

जांभूळ गावात कापणी सावडीने व्हायची. आज सगळ्यांनी मिळून तुमचं शेत कापायचं, उद्या आमचं, परवा तिसऱ्याचं. पूर्वी कौसाबाईच्या बांधावर बारा-तेरा विळे यायचे. बायकांच्या गप्पांनी पाणीपुरवठा केंद्राच्या भिंतीपलीकडचा वॉचमनही कान देऊन उभा राहायचा. मग तिच्या थोरल्याने, राजेंद्रने, बदलापुरात ते केलं आणि विळे यायचे बंद झाले. कोणी भांडलं नाही की बैठक बसवली नाही. त्या वर्षी कौसाबाई आपणहून विळा घेऊन शेजारच्या द्रौपदीच्या शेतावर गेली होती. द्रौपदी म्हणाली, "आमचं झालंय गो सगलं." तिच्या पाठीमागे कमरेएवढं भात उभं होतं. कौसाबाईने "बरं" म्हटलं आणि परत आली. तेव्हापासून ती कोणाच्या बांधावर गेली नाही.

राजेंद्र विष्णुपंत नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या बंगल्यात बाग बघायचा. एका दुपारी त्याने कपाटातलं सोनं घेतलं. विष्णुपंत आडवे आले, तेव्हा त्याने बागेतल्या कोयत्याने त्यांना मारलं. तेवढ्यात त्यांचा नातू शाळेतून आला. त्यालाही मारलं. वरद नाव होतं, वय नऊ. यातलं काहीच खोटं नव्हतं. राजेंद्रनेही कोर्टात नाही म्हटलं नव्हतं. खालच्या कोर्टाने फाशी सांगितली होती आणि आता कागद हायकोर्टात गेले होते.

कापणीच्या पाचव्या दिवशी फोन आला. राजेंद्रच्या बाजूच्या वकिलांकडची कोणी बाई बोलत होती. हायकोर्टाने राजेंद्रची घरची माहिती मागवली आहे, ती घ्यायला उद्या येते म्हणाली.

माहिती काढायला माणसं येतात ती कशासाठी, हे कौसाबाईला पक्कं ठाऊक होतं. सोयरिकीला येतात तशीच. घर बघतात, माणसं बघतात, बापाला व्यसन आहे का, रक्तात काही आजार आहे का, ते हळूच विचारतात. तेव्हा काय करायचं हेही तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिने विळा बाजूला ठेवला, अंगण सारवलं, गादीवर नवी चादर घातली. ट्रंकेतून राजेंद्रचं दहावीचं सर्टिफिकेट काढलं, कबड्डीचा कप चिंचेने घासला. शिवरामला इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवलं.

"काय इचारलं तर?" शिवरामने विचारलं.

"मी बोलेन. तुमी बसा नुसते."

बाई आली ती चालतच आली. उल्हासनगरची, यशोधरा नाव, तिशीतली. चपला धुळीने भरलेल्या. तिने आडनाव सांगितलं तेव्हा शिवरामने एकदा मान वर केली. एरवी त्या आडनावाच्या माणसाचा चहा या घरात ओट्यावरच झाला असता. आज कौसाबाईने तिला आत नेऊन गादीवर बसवलं आणि पाहुण्यांच्या कपातून चहा दिला. गरज माणसाला सुधारते ती अशी. यशोधराला ते कळलं असावं, पण तिने चहा शांतपणे संपवला.

"काकी, राजेंद्र लहानपणी कसा होता?"

"गुनी. दहावी पास हाय. हे बघा."

"मार बसायचा का घरी?"

"आमी कधी बोट नाय लावलं पोराला."

"डोक्याला कधी लागलं? फिट वगैरे यायच्या?"

"नाय गो बाय. एकदा आंब्यावरून पडला व्हता. पोरं पडतातच."

"काका, तुम्ही तेव्हा मोरिवलीला कंपनीत होता ना? पीत होता?"

शिवराम हातातल्या कपाकडे बघत राहिला. कौसाबाईच म्हणाली, "देवमानूस हाय. गावात कोनाला पन इचारा."

गावात कोणालाही विचारलं असतं तर काय ऐकायला मिळालं असतं, ते तिघांपैकी दोघांना माहीत होतं. यशोधरा लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने पेनाचं टोपण लावलं.

"काकी, घरात सगळं इतकं चांगलं होतं, तर मग त्याने असं का केलं?"

"ते देवाला ठावं," कौसाबाई म्हणाली. यशोधराला वाटेपर्यंत सोडून ती आली आणि साडी बदलून उन्हात कापायला गेली. काम चांगलं झालं असंच तिला वाटत होतं.

रविवारी खरवईहून प्रीतीला बघायला आले. मुलगा दुसरेपणाचा होता, पहिली बायको आजारात गेलेली. प्रीती अठ्ठावीस वर्षांची, आणि भाऊ तसा. याच्यापेक्षा वरचं स्थळ येणार नव्हतं हे घरात सगळ्यांनाच मान्य होतं. मुलगा बोलायला सरळ होता. प्रीतीने पाणी दिलं तेव्हा तिच्याकडे बघून हसलाही. बोलणी करायला त्याचा काका होता, आण्णा म्हणत त्याला.

"आमी सगली माहिती काढलीय," आण्णा पोह्याची बशी खाली ठेवत म्हणाला. "बाप प्यायचा, पन पोरांना नीट वाढवलंय, घरात फिट-वेड काय नाय. एक पोरगा वाया गेला, त्याला घर काय करील? आमाला ते चालतंय. फक्त आता याच्यावर नवीन काय ऐकू नाय आलं पायजे. भावकीला मला तोंड द्यावं लागतं."

"नाय येनार," कौसाबाई म्हणाली. साखरपुडा पुढच्या महिन्यावर ठरला. त्या संध्याकाळी प्रीती परातीत पीठ मळताना काहीतरी गुणगुणत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. कौसाबाईने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं, नजर लागेल म्हणून.

सोमवारी प्रीती कंपनीतून परस्पर शेतावर आली. ओढणी कमरेला बांधली, विळा घेतला आणि आईच्या शेजारच्या ओळीत बसली. 

"त्या यशोधरा मॅडमचा फोन होता," प्रीती म्हणाली. "तू सांगितलंस ना, घर चांगलं, मार नाही, काही नाही. सरकारी वकील पण तेच बोलणार आहे. सब कुछ था, फिर भी किया. म्हणजे सुधारायचा चान्सच नाही. लटकवा."

कौसाबाईचा विळा थांबला. "मंग वाईट सांगायला पायजे व्हतं?"

"खरं सांगायला पाहिजे होतं. तो असा का झाला, ते कोर्टाला बघायचंय."

"तशी कशी माहिती काढतात? घरातली घान बघायला?" कौसाबाईला खरंच कळेना. आयुष्यभर जे झाकायचं म्हणून झाकलं, तेच आता कोणीतरी मागत होतं. आणि तिने चिंचेने घासून कबड्डीचा कप दाखवला होता. तिला स्वतःची लाज वाटली, मग राग आला, आणि मग नुसतं थकल्यासारखं झालं.

"मॅडमला वाटतंय तू काहीतरी लपवलंस," प्रीती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत कागद द्यायचाय त्यांना."

"तू काय बोलतेस?"

"मी काहीच बोलत नाही." प्रीतीने मूठभर भात कचकन कापलं. "आई, त्या पोराच्या खांद्यावर दप्तर होतं. त्याने दप्तरसुद्धा उतरवलं नव्हतं. मी पेपरात फोटो बघितलाय. मला राजादादाची दया येते तेव्हा तो फोटो आठवतो. तो आठवला की दया जाते. मग परत येते. दोन वर्षं हेच चाललंय. मला नको विचारू."

त्यांनी ओळ संपवली. पुढची धरली.

मंगळवारी कौसाबाई उल्हासनगरला गेली. चवळीच्या दोन जुड्या पिशवीत घेतल्या, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. कापडाच्या दुकानांच्या गल्लीत तिला पत्ता सापडेना. गादीवर बसलेल्या सिंधी दुकानदाराने चिठ्ठी वाचली. "वकील मॅडम? ऊपर दुसरा माला, माताजी. आराम से, सीढ़ी खराब है," तो म्हणाला. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिने भिंतीला हात लावला.

यशोधराने खुर्ची पुढे केली, पण कौसाबाई बसली नाही. उभ्यानेच बोलून टाकलं. बसली असती तर बोलता आलं नसतं.

"मी खोटं बोलले बाय. तो आंब्यावरून नाय पडला. ह्यांनी दारूच्या नशेत त्याचं डोकं झोडनीच्या दगडावर आपटलं. दहा वर्सांचा व्हता. मी बदलापूरच्या बाजारात व्हते भाजी घेऊन. आले तर तो खल्यावर पडलेला, नाकातून रगत. इथंच आनला उल्हासनगरला, हास्पिटलात. झाडावरून पडला म्हनून मीच लिवून दिलं. मंग त्याला फिट यायला लागली. चार वर्सं येत व्हती. शालेत बाकावरून पडायचा. भगताकडं नेलं, डाक्टरकडं नाय नेलं, गावात कलेल म्हनून. आधीचा मार तर इचारूच नको. विहिरीच्या दोरानं बांधून मारायचे."

 यशोधराने पाण्याचा ग्लास पुढे ठेवला.

"तू त्या बाईकडं गेलीस का?" कौसाबाईने विचारलं. "पोराच्या आईकडं?"

"नीलिमाताईंकडे? गेले होते. दार लावून घेतलं त्यांनी."

"बराबर केलं." कौसाबाई आता खुर्चीवर टेकली. "मी पन लावलं असतं. मी त्याला सोडा नाय बोलत, बाय. घरी नका आनू त्याला. तिथंच राहू द्या, मरेस्तोवर राहू द्या. पन आपल्या मरनानं मरू दे. सकाली उठवून, आंघोल घालून, चालवत नेऊन मारायचं... ते कोनाचं पन नको."

"याने फाशी टळेलच असं नाही, काकी."

"ठावं हाय."

"आणि काकांनी स्वतः सांगायला लागेल. तुम्ही तिथे नव्हता. बघणारं कोणी होतं का?"

कौसाबाईने पिशवीतून जुड्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांच्या मुळांची माती कागदांवर सांडली, ती तिने पदराने पुसली. बघणारं एक माणूस होतं. तेव्हा सहा वर्षांचं होतं, आणि पुढच्या महिन्यात त्याचा साखरपुडा होता.

"बघते," ती म्हणाली.

शिवरामला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. तो गोठ्याच्या कुडाला टेकून बसला होता. फाशी ऐकली त्या दिवसापासून त्याने दारू सोडली होती. दारूबरोबर बोलणंही जवळजवळ सोडलं होतं. कौसाबाई कधी कधी मनात म्हणायची, वीस वर्षं आधी सोडली असती तर. पण तोंडाने एकदाही म्हणाली नव्हती.

"गुरवारी ती येनार हाय," कौसाबाई म्हणाली. "सांगायचं का नाय ते तुमचं तुमी बघा. मी तुमाला बोलनार नाय."

शिवराम बराच वेळ चुना-तंबाखू मळत राहिला. तंबाखूची भुकटी झाली तरी तो मळतच होता.

गुरुवारी झोडणी होती. सकाळपासून ढग भरले होते. अवेळी आलेल्या पावसाने खळ्यावरचं भात भिजलं तर वर्षभराचं गेलं. प्रीतीने रजा टाकली. कौसाबाई पेंढ्या सोडून द्यायची, प्रीती दोन्ही हातांनी पेंढी डोक्यावरून उचलून दगडावर आपटायची. शिवरामचा खांदा चालत नव्हता, तो डाव्या हाताने झोडलेला पेंढा ओढून बाजूला रचत होता. खळ्याच्या मधोमध तो दगड शिवरामच्या आजोबांच्या वेळेपासून होता. काळा, गुडघ्याएवढा, वरची कड भाताने घासून गुळगुळीत झालेली. त्या दिवसानंतर कौसाबाईने तो धुऊन काढला होता, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्यावरच भात झोडलं होतं. दुसरा दगड नव्हता. दर वर्षी पहिली पेंढी आपटताना तिला ते आठवायचं. तिसऱ्या-चौथ्या पेंढीला हातच दुखायला लागायचे आणि बाकीचं राहून जायचं.

यशोधरा आली तेव्हा तिघांच्या अंगभर भाताचं टोचरं कूस होतं. या वेळी कोणी गादी घातली नाही. ती खळ्याच्या कडेला पेंढ्यावर बसली आणि तिने वही काढली. कौसाबाईने पेंढ्या सोडायचं थांबवलं. प्रीतीने हातातली पेंढी तशीच धरली.

शिवराम उभाच राहिला. त्याने डोक्याचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला.

"मीच आपटला," तो म्हणाला. दोन वर्षांनी त्याचा आवाज पुरा निघाला आणि त्याचा त्यालाच तो मोठा वाटला असावा, कारण पुढचं तो हळू बोलला. "रात्रपाली करून आलो व्हतो. पिऊन. त्यानं पेंढ्या उन्हात टाकल्या नव्हत्या. मानेला धरलं आनि आपटला. एकदा नाय. दोनदा. का तीनदा, नाय आठवत."

"दोनदा," प्रीती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"प्रीती," यशोधरा म्हणाली, "तू साक्षीदार म्हणून बोललीस तर तुझं नाव लागेल. कोर्टात वाचलं जाईल. पेपरात येऊ शकतं. तुझं ठरलंय ना आता, मला काकी बोलल्या. विचार कर."

"केलाय." तिने पेंढी खाली ठेवली. "त्याला वाचवायला नाही बोलत मी. त्याने जे केलं त्याला माफी नाही, माझ्याकडून तरी नाही. पण त्या दगडावर झालं ते झालंच होतं." ती आईकडे वळली. "आणि आई, तुला वाटतं झाडाचं तू बोललीस. तू नाही. तू बाजारातून यायच्या आधी त्याने डोळे उघडले होते. बाबा विहिरीवर जाऊन बसले होते. दादा मला जवळ बोलावून म्हणाला, आईला सांगायचं मी आंब्यावरून पडलो. बाबांचं नाव घेतलंस तर आई बाबांना सोडून जाईल, आपल्याला कोण बघणार? मला शपथ घातली. मग तू आलीस, आणि मी तुला तेच सांगितलं."

कौसाबाईला आठवलं. लहानगी प्रीती पदराला धरून ओरडत होती, आंब्यावरून पडला, आंब्यावरून पडला. त्याच दिवशी शिवरामच्या तोंडून खरं कळल्यावरही तिने हॉस्पिटलात तेच लिहून दिलं होतं. ती मटकन खळ्यावर बसली आणि तिथल्या भातातच रडली. फार वेळ नाही. ढगांकडे लक्ष होतंच.

शिवराम मात्र हलला नाही. पोराने आपल्याला झाकलं होतं हे त्याला आज कळत होतं, बावीस वर्षांनी. 

यशोधराने लिहिलेलं वाचून दाखवलं. शिवरामने डाव्या हाताने अंगठा दिला. प्रीतीने सही केली, पुरं नाव लिहून. मग ओढणीने हात पुसून तिने फोन काढला आणि थोडं लांब, बांधावर गेली. वाऱ्यावर तिचे शब्द तुटक ऐकू येत होते. "आण्णा, प्रीती बोलतेय. नाही, आई बरी आहे. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते." मग ती बराच वेळ नुसती ऐकत उभी राहिली. परत आली तेव्हा तिने कोणाकडे बघितलं नाही. पेंढी उचलली.

कोणी विचारलंही नाही.

"एक राहिलं," यशोधरा ओशाळून म्हणाली. "त्या दगडाचा फोटो लागेल. कागदाला जोडायला."

प्रीती पेंढी घेऊन मागे सरकली. शिवराम पुढे झाला. दगडावर पेंढ्याचा चुरा, दाणे साचले होते. वाकून त्याने डाव्या हाताने ते झाडले, मग टॉवेलने वरची कड पुसली, पाहुण्यासाठी पाट पुसावा तशी. पुसून झाल्यावर तो दगडाच्या शेजारी, हात सरळ सोडून, उभा राहिला.

यशोधराने मोबाईल वर धरला. "काका, जरा बाजूला होता का? तुम्ही फ्रेममध्ये येताय."

"येऊ दे," शिवराम म्हणाला. "दगडाचा एकट्याचा नको काढू, बाय. तो आपनहून नव्हता उठला."

यशोधराने फोटो काढला. पावसाचे दोन-चार थेंब खळ्यावर पडले होते. कौसाबाईने पदराने तोंड पुसलं, पुढचा भारा ओढला आणि बंध सोडून पेंढी प्रीतीच्या हातात दिली.